चिलेशे आमच्याकडे होती तेव्हा

केडगाव,
९ जानेवारी २०२५

दादा,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला टाकशील, हे मला माहीत आहे. तरी लिहिते. सहा वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, आणि ही गोष्ट कुणाच्या तोंडी निरोप देऊन भागण्यासारखी नाही.

मी शिकवते त्या नर्सिंग कॉलेजात झांबिया देशातून चार परिचारिका आल्या आहेत. महिनाभर आपल्याकडचं काम बघणार. पुढच्या वर्षी आमच्यातल्या चौघी त्यांच्याकडे जाणार. लॉजवर न ठेवता त्यांना इथल्याच घरांत ठेवायचं ठरलं. आमच्याकडे आलेलीचं नाव चिलेशे. चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई, लहान मुलांच्या वॉर्डात बारा वर्षं काढलेली. आल्या दिवशीच तिने माझ्याकडून ज्वारीचं पीठ मागून घेतलं, उकळत्या पाण्यात घोटून त्याचा घट्ट गोळा केला आणि मेथीच्या भाजीबरोबर हाताने खाल्ला. म्हणाली, घरी मक्याच्या पिठाचं असंच करतो.

ह्यांना भिंगारच्या ऑफिसात लेखी कळवावं लागलं. लष्कराच्या डेपोतली नोकरी, घरात परदेशी माणूस ठेवायचं म्हणजे साहेबांची परवानगी. पोलिसांकडेही फॉर्म भरला. प्रशांत रोज विचारतात, "काही गडबड तर होणार नाही ना?" मी म्हणते, कसली गडबड?

आता मुद्द्याचं. बावीस तारखेला, बुधवारी, चौघींना चार गावांतल्या अंगणवाड्या दाखवायच्या आहेत. चिठ्ठ्या टाकल्या तर माझ्या वाट्याला खर्ड्याच्या पुढची आपलीच वाडी आली. मी बदलून मागितली. प्राचार्यांनी कारण विचारलं, आणि मला कारण सांगता आलं नाही.

तुझ्या दारात मी येणार नाही. आईला ऑपरेशनसाठी नगरला मीच आणली, तू नको म्हणत होतास, आणि मी तिला परत आणली ती पांढऱ्या चादरीत. त्या दिवशी अंगणात तू जे बोललास ते मी विसरले नाही, आणि मला त्यावर बोलायचंही नाही. एवढंच कर. चार माणसांच्या कानावर घाल की बुधवारी एक काळी बाई येणार आहे, ती नर्स आहे, भामाबाईच्या माधुरीबरोबर आहे. तुझ्या शब्दाला वाडीत मान आहे.

माधुरी


केडगाव,
१६ जानेवारी २०२५

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण आता मला भीती वाटायला लागली आहे, म्हणून पुन्हा लिहिते.

परवा चिलेशेला घेऊन भाजी आणायला गेले. ती एका बाईच्या कडेवरच्या बाळाकडे बघून हसली. बाईने पदर ओढून बाळाचं तोंड झाकलं आणि भराभर निघून गेली. चिलेशेने विचारलं, "काय म्हणाली ती?" मी सांगितलं, "बाळाला दृष्ट लागते म्हणून झाकतात." खरं म्हणजे ती म्हणाली होती, "पोरं धरणाऱ्या असल्याच असतात." दादा, मी रोज असं खोटं भाषांतर करते. पोरं मागे लागून ओरडतात, तेव्हा सांगते, तुझे केस आवडले त्यांना.

काल आमच्या गल्लीच्या ग्रुपवर मेसेज फिरला. मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात आली आहे, बायका आहेत, पांढरी गाडी आहे. सोबत कुठल्यातरी दूरदेशीच्या बायकांचा फोटो. प्रशांत म्हणाले, "तुमची गाडीसुद्धा पांढरीच आहे ना?" कॉलेजची जीप पांढरीच आहे. मी प्राचार्यांना मेसेज दाखवला. ते हसले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या बाया असल्या गोष्टींना घाबरायला लागल्या तर कसं व्हायचं?"

मग मीही हसले. माझ्या घाबरण्याची मला लाज वाटली.

चिलेशे मी समजते तेवढी भोळी नाही. काल भाकरी थापताना म्हणाली, "माधुरी, तू माझ्याबरोबर रस्त्याने चालतेस तेव्हा सारखी मागे बघतेस." मी म्हणाले, गाड्या फार असतात.

दोनच ओळी पाठव. गावात सांगितलं आहे, एवढं कळलं तरी पुरे. बोलायचं नसेल तर रंगूवहिनीकडून लिहवून घे.

माधुरी


केडगाव,
२४ जानेवारी २०२५

दादा,

सोमवारी मला पोलिसांपुढे जबाब द्यायचा आहे. त्याआधी सगळं एकदा क्रमाने लिहून काढते. तू गाडीच्या बाहेर होतास. आत काय झालं ते तुला माहीत नाही.

आम्ही अकराच्या सुमाराला वाडीत पोचलो. मी, चिलेशे आणि जीप चालवणारा फराज. फराज भिंगारचा, सव्वीस वर्षांचा, अगदी शांत मुलगा. खर्डा मागे पडल्यावर तो म्हणाला, "मॅडम, गावात मला नावाने हाक मारू नका. नुसतं ड्रायव्हर म्हणा." मी का ते विचारलं नाही. मला कळलं होतं.

अंगणवाडीत सेविका राजेश्वरीबाईंनी चांगलं स्वागत केलं. चिलेशेने मुलांची वजनं घेतली, दंडाचे घेर मोजले. कोपऱ्यात एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती. अडीचेक वर्षांची. खाऊ दिला तरी घेईना. राजेश्वरीबाई म्हणाल्या, "ही सांची. सहादूबाबाची नात. आईबाप उसाला गेलेत, कारखान्यावर. सकाळी आजी सोडून गेली, जरा कोमट लागत होती म्हणाली."

तुझ्या मिलिंदला मुलगी झाल्याचं मी दुसऱ्यांकडून ऐकलं होतं. नाव तेव्हा कळलं. मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं आणि मी हात मागे घेतला. तुझ्या नातीला मी हात लावलेला तुला चालेल का, हा विचार त्या वेळी माझ्या डोक्यात होता. नर्स आहे मी, दादा. ताप बघायला हात पुढे करायला हवा होता. चिलेशेने केला. तिने कपाळाला हात लावला आणि मला म्हणाली, "ही भाजतेय."

आम्ही कपडे सैल करून अंग पुसायला घेतलं तेवढ्यात पोरीचे डोळे वर गेले. हातपाय ताठ, तोंडाला फेस. चिलेशेने तिला कुशीवर वळवली, घड्याळ लावलं. पहिला झटका मिनिटभरात थांबला. दुसरा आला तो थांबेना. तीन मिनिटं, चार मिनिटं. ओठ निळे पडायला लागले. राजेश्वरीबाईंनी तुला फोन लावला, लागला नाही. मदतनीस बाईला तुझ्या घरी पळवलं. चिलेशे म्हणाली, "वाट बघायची नाही. दवाखाना किती लांब?" जामखेड म्हणजे अर्धा तास. तिने मुलीला उचललं आणि जीपकडे धावली.

हे रस्त्यावरच्या कुणीतरी पाहिलं असणार. डोक्याला रंगीत फडकं बांधलेली एक काळी बाई, हातात मान टाकलेलं पोर, पांढरी गाडी.

पुलापाशी ट्रॅक्टर आडवा लावला होता. पंधरावीस माणसं असतील, मला दोनशे वाटली. फराज म्हणाला, "मॅडम, मागे घेऊ का?" मागेही मोटारसायकली आल्या होत्या. मी काच थोडी खाली केली आणि ओरडले, पोरगी आजारी आहे, जाऊ द्या. कुणी ऐकत नव्हतं. "बाहेर काढा तिला!" "त्या ड्रायव्हरचं नाव विचारा!" बॉनेटवर काठ्या बसत होत्या. फराजने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं, ओठ हलत होते त्याचे, आवाज नव्हता. चिलेशे बाहेर बघतसुद्धा नव्हती. सीटपुढे खाली गुडघ्यांवर बसून ती सांचीचा श्वास बघत होती आणि मोठ्याने मिनिटं मोजत होती. नऊ. दहा. मी काच वर घेतली.

पोरगी माझ्या मांडीवर होती. मी मान वर केली आणि मला तू दिसलास.

मग काच फुटली. त्याआधीच चिलेशे आमच्यावर ओणवी झाली होती. काच तिच्या हातात घुसली, सात टाके पडले. सांचीला खरचटलंही नाही.

दार कसं उघडलं मला आठवत नाही. मी खाली उतरले. "मी भामाबाईची माधुरी हाय! ही सहादूची नात हाय, झटके आलेत तिला, मरंल ती!" असं मी ओरडले म्हणे. राजेश्वरीबाईंनी नंतर सांगितलं. एकदम शांत झालं. सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तुझ्या हातात दुसरा दगड होता. मी म्हणाले, "दादा, जाऊ दे." तू दगड टाकला नाहीस. तेवढ्यात रंगूवहिनी धावत आली, पोरीकडे एकदा बघितलं आणि गाडीत चढली. तिने तुला ओरडून सांगितलं, "बाजूला व्हा!" ट्रॅक्टर कुणी हलवला ते मी पाहिलं नाही. तू नाही हलवलास, एवढं पाहिलं.

जामखेडला इंजेक्शन दिल्यावर झटका थांबला. पुढचं तुला ठाऊक आहे. संध्याकाळी तू आलास आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलास. वहिनी दोनदा बोलवायला आली, तू आत आला नाहीस. मी खिडकीतून बघत होते.

काल ठाण्यातून साहेब घरी आले. कुणीतरी काढलेला व्हिडिओ त्यांनी दाखवला. दगड मारणाऱ्याचा चेहरा अर्धा दिसतो. "ओळखता का यांना?" मी म्हणाले, नाही. चिलेशे शेजारीच बसली होती. साहेब गेल्यावर तिने विचारलं, "त्या गर्दीतलं कुणी तुझ्या ओळखीचं होतं?" तिलाही मी नाहीच म्हणाले.

मला एकच विचारायचं आहे. दगड मारण्याआधी तू मला पाहिलं होतंस का? की गाडीत कोण आहे हे माहीत नसताना मारलास? याचं उत्तर आल्याशिवाय मी पोलिसांपुढे काय बोलू तेच मला कळत नाही.

माधुरी


केडगाव,
२ फेब्रुवारी २०२५

दादा,

चिलेशे आज सकाळी गेली.

बाकीच्या तिघींना हॉटेलात हलवलं होतं. ही गेली नाही. म्हणाली, "माधुरीच्या घरात मला भीती वाटत नाही. बाहेर वाटते." पण वाटत होती. कुकरची शिट्टी झाली की दचकायची. खिडकीकडे पाठ करून बसायची. गल्लीत पोरांचा क्रिकेटचा आरडाओरडा सुरू झाला की आतल्या खोलीत जायची. प्रशांत दार उघडण्याआधी बाहेरून सांगायचे, मी आहे. मी जखमेचं ड्रेसिंग करायचे आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायची. दर वेळी मला वाटायचं, हिला समजलं आहे.

जबाबाची तारीख मी तब्येतीचं कारण सांगून पुढे ढकलली. आता दहा तारीख दिली आहे. भीती कसली होती सांगू? तुला धरून नेतील ही होतीच. पण त्याहून मोठी भीती अशी की, तुझं नाव घेतलं तर गावात म्हणतील, आधी आईला खाल्लं, आता भावाला.

काल दुपारी ती शेवटचं म्हणून ज्वारीचा तो गोळा घोटत होती. एका हाताने जमेना, म्हणून मी भांडं धरलं होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "चिलेशे, दगड मारणारा माझा भाऊ आहे. सख्खा. आणि ती मुलगी त्याची नात."

तिने डाव खाली ठेवला. गॅस बंद केला. खोलीत गेली आणि आतून कडी लावली. इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा माझ्या घरात कडी लावली. मी भांडं धरूनच उभी होते. प्रशांत म्हणाले, "हे आत्ता सांगायची काय गरज होती?"

तासाभराने ती बाहेर आली. डोळे कोरडे होते. म्हणाली, "पोलिसांना सांग किंवा सांगू नको, तो तुझा प्रश्न. पण मला का नाही सांगितलंस? दहा दिवस मी तुझ्या हातचं खाल्लं. घाबरले की तुझ्याकडे आले."

 मग तिनेच विचारलं, "त्या माणसाला माहीत होतं, आत त्याची नात आहे?" मी म्हणाले, वहिनी सांगते, तिला सोडवायलाच आला होता.  ती म्हणाली, "माझ्या मुलीला कुणी असं नेताना दिसलं असतं, तर मीही धावले असते. दगड मारला असता का, ते मला माहीत नाही." सांचीचा ताप पुन्हा आला का तेही विचारलं. वहिनीने राजेश्वरीबाईंच्या फोनवरून कळवलं होतं, म्हणून सांगता आलं.

सकाळी गाडी आली तेव्हा तिने प्रशांतचे हात हातात घेतले. मला लांबून नमस्कार केला.

दादा, दहा तारखेला, सोमवारी अकरा वाजता मी ठाण्यात जाऊन तुझं नाव सांगणार आहे. पोरीला झटका आला होता तेही सांगीन, तू तिच्यासाठी धावलास तेही सांगीन. पण नाव सांगीन. हे तुला पोलिसांच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. अक्षर लागलं नाही तर राजेश्वरीबाईंकडून वाचून घे.

माधुरी


वाडी,
दि. ७ फेब्रुवारी

माधे,

जय भीम. राजेश्वरीबाई मिटिंगला नगरला येतीय, तिच्यासंगं ही चिठ्ठी धाडतो. मला ल्ह्यायची सवय न्हाई.

तुजी पयली दोन पत्रं मी फोडलीच न्हवती. रंगूनं पेटीत टाकून ठिवली हुती. तिसरं आलं तवा तिनी तिन्ही म्होरं आनून ठिवली, म्हनली आता वाचा. पयलं दोनदा वाचलं. चार मान्सांच्या कानावर घालायचं हुतं, येवढंच काम हुतं माजं.

त्या दिशी मी तुरीत हुतो. फोन आला, काळी बाई सांचीला घिऊन गाडीत बसली.  मिलिंद आन सून पोर माज्या भरवशावर टाकून गेल्याली. त्यास्नी काय तोंड दावू, ह्येच डोक्यात. कसा पुलावर आलो मला म्हाईत न्हाई.

तू इचारलंस, दगड मारायच्या आदी तुला बगितलं का. बगितलं. चांगलं वळखलं. तुज्या मांडीवर पोरगी, मान टाकल्याली. मला वाटलं ही परत न्हेतीय. आईला न्हेली तशी न्हेतीय, आन परत आनायची न्हाई. त्या बाईकडं माजं ध्यानच न्हवतं. दगड तिला मारला न्हाई माधे, तुला मारला. ह्ये मी रंगूला बी सांगितल्यालं न्हाई. ती बाई आडवी आली आन माज्या नातीला वाचवून आपला हात फाडून घेतला. तिला हे कसं सांगायचं ते तू बग. सांगितलंस तर माफी मागितली म्हन.

पायरीवर बसलो हुतो तवा तू खिडकीत हुतीस, मला दिसत हुतं. आत यायला भ्या वाटलं. पोरगी गेली आसंल आन तू सांगायला उभी आसशील, आसंच वाटत हुतं.

चवथं पत्र बी वाचलं. तू जायच्या आदी काल मीच ठान्यात जाऊन आलो. आपनहून सांगितलं, दगड माजा. दिसभर बसवून ठिवलं, सही घेतली, कोर्टाची तारीख यील म्हनले. बाकीच्यांची नावं इचारली. काय सांगू न्हाई आसं वाटलं, पर त्या डायवर पोराच्या तोंडाकडं बगत कोन काय बोललं ते मी ऐकलं हुतं. म्हनून सांगितली. आता वाडीत माज्याशी कोन बोलत न्हाई. रातच्याला दारावर दगड येतील म्हनून रंगू भित्या. येऊ देत.

सांची बरी हाय. खाती, पळती. पर जामखेडच्या डाक्टरनं सांगितलंय, डोस्क्याची तपासनी नगरला मोट्या दवाखान्यात करून घ्या. तेरा तारखेला, गुरुवारी बोलावलंय. पयल्या एष्टीनं येतो. दवाखाना आईचा न्हाई, दुसरा हाय म्हनत्यात, पर मला सगळे सारखेच. आत पाऊल टाकीन का न्हाई, मलाच ठावं न्हाई.

तू दारापाशी उभी ऱ्हा. पोरीला तुज्याकडं दीन, तू आत घिऊन जा.

सहादू